खारपाणपट्ट्यातला दवबिंदू

उन्हाळा संपता संपता शेगाव, नांदुरा, संग्रामपूरकडच्या कोणत्याही घरातल्या कूलरची ताटी काढून पाहा. मार्चमध्ये बसवलेलं पिवळं, मऊ गवत एव्हाना ओळखू येत नाही. त्याच्यावर पांढरा, कडक थर चढलेला असतो. कूलर हवेत सोडतो ते फक्त पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मागं राहतात आणि रोज थोडे थोडे साचत जातात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे दृश्य इतकं नेहमीचं आहे, की त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण कीटकभक्षी झाड घरी आणायचं मनात असेल, तर आधी ही ताटी नीट पाहावी. कुंडीतल्या मातीत नेमकं हेच घडणार असतं.

अलीकडे ही झाडं आपल्याकडे सहज पोचू लागली आहेत. कुणी पुण्यामुंबईच्या नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅप आणतं, कुणी घटपर्णीची लटकती कुंडी ऑनलाइन मागवतं, आणि शाळकरी मुलांना तर विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र जिवंत पाहायची ओढ असतेच. दोन-तीन महिन्यांत झाड काळं पडतं आणि दोष विदर्भाच्या उन्हाला दिला जातो. ऊन कडक आहे यात शंका नाही. तरीही बुलढाण्यात ही झाडं उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात, असं माझं ठाम मत आहे. पाण्याइतकाच दुसरा मारेकरी म्हणजे आपलं प्रेम. झाड सुकलेलं दिसलं की आपला हात खताच्या पिशवीकडे जातो आणि तिथंच खेळ संपतो.

असं का होतं, हे समजायला या झाडांचं मूळ घर पाहावं लागेल. जगभरात अशा सहाशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांचा पत्ता जवळपास सगळीकडे सारखाच आहे: दलदल, ओले खडक, सतत पावसानं धुऊन निघालेली पातळ, आम्लधर्मी माती. अशा मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस नसल्यासारखेच असतात. ज्वारी किंवा कपाशी तिथं उभीच राहणार नाही. या झाडांनी मात्र त्या ओसाड जागेत टिकायची वेगळी वाट काढली. अन्न ती इतर झाडांसारखीच सूर्यप्रकाशातून तयार करतात. पण मातीतून मिळायला हवा तो नायट्रोजन-फॉस्फरस किड्यांच्या शरीरातून घेतात. किडा म्हणजे त्यांची भाकरी नव्हे, त्यांचं खत आहे. पानं खताची सोय बघू लागली, तशी मुळं नाममात्र राहिली. जमिनीला धरून ठेवणं आणि पाणी शोषणं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं. क्षारांचा भार सोसायची ताकद त्या मुळांत नाही.

आता आपली जमीन पाहा. बेसॉल्टच्या झिजेतून तयार झालेली काळी कसदार माती, भरपूर चुना, सामू साताच्या वर. याच मातीनं आपल्याला कापूस आणि सोयाबीन दिलं. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लोणारचं सरोवर आहे. त्याच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, आणि त्या तीव्र खाऱ्या पाण्यातही शेवाळं आणि सूक्ष्मजीव सुखानं नांदतात. प्रत्येक जीवाचं आपलं आपलं पाणी ठरलेलं असतं. कीटकभक्षी झाडाचं पाणी लोणारच्या अगदी उलट्या टोकाला आहे: क्षार जवळपास शून्य, किंचित आम्लधर्मी. आपल्या जिल्ह्यात असं पाणी एकाच ठिकाणाहून येतं, ते म्हणजे आभाळातून.

महाराष्ट्रात ही झाडं परकी नाहीत, हेही सांगायला हवं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी जी निळी-जांभळी चादर पसरते, तिच्यात सीतेची आसवं या नाजूक फुलांचा मोठा वाटा असतो. फुलं पाहून परतणाऱ्या बहुतेकांना कल्पनाही नसते, की या रोपांचे सापळे पायाखालच्या ओल्या मातीत दडलेले आहेत. टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून लहान पिशव्या असतात त्या. पिशवीतलं पाणी झाड आधीच बाहेर टाकून ठेवतं, त्यामुळे आत ओढ तयार होते. दाराजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत खेचलं जातं. हे सारं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतं. वनस्पतींच्या जगात याच्याइतक्या वेगवान हालचाली फार थोड्या आहेत. कासचा जांभा खडक, त्यावरचा बोटभर मातीचा थर आणि महिनोन्‌महिने कोसळणारा पाऊस या तिन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणून ती तिथं आहेत. तिथून रोप उपटून आणणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय ते काळ्या मातीत आठवडाभरही टिकत नाही.

त्याच पठारावर आणि राज्यात इतरत्र ओलसर, निकस जागी दवबिंदू भेटतो. ड्रॉसेरा हे त्याचं शास्त्रीय नाव. पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट द्रवाचा चमकता थेंब. किडा थेंबाला चिकटला की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वाकतात आणि त्याला पानाच्या मध्याकडे नेतात. चार्ल्स डार्विननं १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ससेक्समध्ये हे पाहिलं आणि त्याला अक्षरशः वेड लागलं. ‘ओरिजिन’ हे त्याचं जातींच्या उगमावरचं पुस्तक प्रसिद्ध होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, सारं जग त्याच्यावर तुटून पडलं होतं, आणि हा माणूस मित्राला पत्रात लिहीत होता की मला जगातल्या साऱ्या जातींच्या उगमापेक्षा ड्रॉसेराचीच जास्त काळजी आहे. पुढची पंधरा वर्षं तो अधूनमधून या झाडांना मांसाचे कण, दूध, केस, काचेचे तुकडे देऊन पाहत राहिला. माणसाच्या केसाचा एक मिलीग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका तुकडा ठेवला तरी ड्रॉसेराचा केस हलतो, हे त्यानं मोजून दाखवलं. १८७५ साली ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे त्याचं पुस्तक आलं. वनस्पती प्राण्याला पचवून वापरू शकते, हे तेव्हा अनेकांना मान्यच नव्हतं. या पुस्तकानं तो वाद बहुतांशी मिटवला.

फ्लायट्रॅपची गोष्ट त्याहून नवलाची आहे. जगभरच्या खिडक्यांत दिसणारं हे झाड निसर्गात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांच्या किनारी पट्ट्यात उगवतं. पानाच्या दोन पाळ्या, आणि सहसा प्रत्येक पाळीवर आतल्या बाजूला तीन बारीक केस. एका केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. साधारण २० सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तर सापळा सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतो. पावसाचा थेंब किंवा उडून आलेली काडी सहसा एकदाच लागते; जिवंत किडा पुन्हा पुन्हा लागतो. झाड हा फरक ओळखतं. इंग्लंडच्या जॉन बर्डन सँडरसननं १८७३ मध्येच या पानातून विजेचा संकेत धावतो हे मोजलं होतं. जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठाच्या रायनर हेडरिश यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं, की मिटल्यानंतरही झाड मोजणं थांबवत नाही. आतला किडा धडपडत राहिला आणि स्पर्शांची संख्या पाचाच्या पुढं गेली, तेव्हाच पाचक रस तयार व्हायला लागतात. फुकटचा खर्च करायचा नाही, हा या झाडाचा स्वभाव आहे, आणि तो घरी सांभाळताना पदोपदी लक्षात ठेवावा लागतो. गंमत म्हणून बोटानं किंवा काडीनं सापळा मिटवला तर झाडाची शक्ती वाया जाते. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो आणि मग काळा पडून गळतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी समजावून सांगावं. कारण समजलं की मुलं फार जपतात.

आता पाण्याचा हिशेब करू. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांना टीडीएस म्हणतात आणि ते लिटरमागे मिलीग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची पसंतीची मर्यादा ५०० आहे. कीटकभक्षी झाडांना मात्र ५० च्या आतलं पाणी लागतं. खारपाणपट्ट्यात १००० च्या वरचे बोअर काही नवलाचे नाहीत. समजा असं पाणी तुम्ही कुंडीला रोज कपभर, म्हणजे १०० मिलिलिटर दिलं. पाणी पानांतून आणि मातीतून उडून जाईल, पण रोज ०.१ ग्रॅम क्षार कुंडीत राहील. महिन्याला ३ ग्रॅम, चार महिन्यांत १२ ग्रॅम. चार इंची कुंडीत तुम्ही दोन चमचे मीठ मिसळल्यासारखं झालं. काळी माती हेही कदाचित सोसून नेईल, पण दवबिंदूची मुळं करपतात आणि आपण म्हणतो, उन्हानं गेलं.

पाणी उकळून काही साधत नाही. वाफ जाते आणि बहुतेक क्षार उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्षार नाही. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरचाही उपयोग नाही. आरओचं पाणी चालतं, पण आंधळेपणानं नको. मूळ बोअरचं पाणी २००० चं असेल आणि यंत्रानं ९० टक्के क्षार काढले, तरी जारमध्ये २०० उरतातच. घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोयही असते. म्हणून पेनासारखं टीडीएस मीटर घ्यावं. या छंदात आधी हे उपकरण आणि मग झाड, असाच क्रम ठेवावा. घाटावरच्यांना, म्हणजे जिल्ह्याच्या उंच भागातल्यांना, वाटेल की आपण सुटलो. बुलढाणा शहराला येळगाव धरणाचं गोड पाणी आहे, हे खरं. पण गोड म्हणजे क्षाररहित नव्हे. बेसॉल्टवरून वाहत आलेलं पाणी सहसा ५० च्या आत येत नाही.

अडीनडीला एक वस्तू प्रत्येक गावात मिळते: इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. सीलबंद डबा घ्यावा, ते पाणीच आहे आणि आम्ल नाही याची लेबल वाचून खात्री करावी आणि मीटर बुडवून पाहावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही स्वच्छ भांड्यात धरलं तर उपयोगी पडतं.

पण खरा उपाय पावसाचाच. दहा फूट लांब, दहा फूट रुंद ताडपत्री ताणून बांधली आणि १० मिलिमीटरची एक सर पडली, तर ९० लिटरच्या वर पाणी मिळतं. रोज कपभर धरलं तर एका कुंडीला वर्षाला साधारण ३६ लिटर लागतात. म्हणजे मृगाच्या एका बऱ्या सरीत दोन कुंड्यांची वर्षाची सोय होते! शेतकऱ्याच्या घरी ताडपत्री असतेच, फक्त खत-फवारणीला वापरलेली घेऊ नये. पहिला पाऊस धूळ धुऊन जायला सोडून द्यावा आणि नंतरचं पाणी झाकणाच्या गडद ड्रममध्ये सावलीत ठेवावं, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. नव्या सिमेंटच्या गच्चीवरून वाहिलेलं पाणी घेऊ नये. त्यात चुना उतरतो.

पाणी द्यायची रीतही निराळी. दवबिंदू आणि फ्लायट्रॅपची कुंडी बशीत ठेवून बशीत बोटभर पाणी कायम असू द्यावं. माती खालून ओली राहते. तुळशीला किंवा मोगऱ्याला असं ठेवलं तर मुळं कुजतील. घटपर्णीला मात्र बशीतलं साचलेलं पाणी चालत नाही. तिला वरून पाणी घालून निथळू द्यावं.

माती तर वापरायचीच नाही. पीट मॉस आणि परलाइट निम्मं निम्मं, हे नेहमीचं मिश्रण. कोकोपीट स्वस्त पडतं, पण नारळ किनाऱ्यावरचा असल्यानं त्यात बहुधा मीठ असतं. ते पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पिळून, निथळलेल्या पाण्यात मीटर बुडवून खात्री करावी. शेणखत, गांडूळखत, युरिया, डीएपी यातलं चिमूटभरही नको. मातीची कुंडीही टाळावी, तिच्यातून क्षार झिरपतात, प्लॅस्टिकची बरी.

भरवण्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि झाडाला त्याची गरज सगळ्यात कमी असते. कुंडी ओसरीवर असेल तर पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे पाऊसकिडे आणि चिलटंच पुरेशी होतात. बंद खिडकीत असेल तर महिन्याकाठी एखादा लहान किडा द्यावा. तो सापळ्याच्या एक तृतीयांश आकाराचा असावा. मोठा दिला तर सापळा नीट मिटत नाही आणि आतल्या आत सडतो. मटणाचा तुकडा, पनीर, उकडलेलं अंडं हे देऊच नये. मेलेला किडा फ्लायट्रॅपला दिला तर मिटलेल्या पाळ्या बाहेरून हलकेच चोळाव्या लागतात, नाहीतर आत काही धडपडत नाही असं समजून झाड सापळा पुन्हा उघडतं.

ऊन मात्र हवं. सावलीत ठेवलेला दवबिंदू हिरवा, लांबुळका होतो आणि त्याचे थेंब नाहीसे होतात. सकाळचं चार तासांचं ऊन उत्तम. एप्रिल-मे मध्ये मलकापूर, जळगाव जामोदकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दहानंतर हिरव्या शेडनेटखाली कुंडी हलवावी. घाटाखाली आणि घाटावर यांत इथं फरक पडतो. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे; तिथल्या रात्री लवकर निवतात आणि ते झाडांना मानवतं.

कोरडी हवा हे घटपर्णीचं खरं दुखणं. हवेत ओल नसली की तिच्या पानाच्या टोकाला सोंड येते, पण घट धरत नाही. सोंड वाळून जाते. उन्हाळी दुपारी आपल्याकडे आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. इथं कूलर कामी येतो. ज्या खोलीत कूलर चालतो तिथल्या उजेडाच्या खिडकीशी घटपर्णी टांगावी, पण झोताच्या तोंडाशी नको. ताटीतून उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर खारं पाणीही पानांवर येतं. बाजारात मिळणारी व्हेंट्राटा नावाची संकरित घटपर्णी काटक आहे, सुरुवातीला तीच घ्यावी. भारताची स्वतःची घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, मेघालयात असते आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे. रोप रानातून काढलेलं आहे असा जरा जरी संशय आला तर ते घेऊ नये. फ्लायट्रॅपची चोरी तर नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून गंभीर गुन्हा मानली जाते, इतकी त्या लहानशा पट्ट्यातली झाडं लुटली गेली.

फ्लायट्रॅपची आणखी एक अट आहे: हिवाळी झोप. तीन-चार महिने थंडी मिळाली नाही तर ते दोन-तीन वर्षांत झिजून मरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडी रात्रंदिवस उघड्या गच्चीवर ठेवावी, किडे भरवू नयेत, पानं काळी पडली तरी घाबरू नये. चिखली, बुलढाण्याच्या थंडीत त्याचं कसंबसं भागतं. घाटाखाली काहीजण कंद धुऊन, ओलसर मॉसमध्ये गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात; ते जमतं, पण बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून कुणी मला पहिलं झाड विचारलं तर मी फ्लायट्रॅप सांगत नाही. मी ड्रॉसेरा बर्मानी सांगतो. रुपयाएवढा लालसर चक्राकार दवबिंदू, आपल्याच देशातला, उष्णतेला सरावलेला, हिवाळी झोपेची गरज नसलेला. त्याचे कडेचे केस काही सेकंदांत वळतात, म्हणजे मुलांना डोळ्यांदेखत शिकार दिसते. छंदिष्टांकडून किंवा नर्सरीतून त्याचं बी मिळतं. जूनच्या शेवटी ओल्या पीटवर ते नुसतं भुरभुरावं, वरून झाकू नये, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. काही आठवड्यांत टाचणीएवढी रोपं दिसतात. झाड वर्षभराचंच असतं; फुलून, बी धरून ते मरतं, त्यात आपली काही चूक नसते. वाळलेल्या दांड्या कागदावर झटकल्या की काळ्या पुडीसारखं बारीक बी पडतं. ते कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतं, आणि शेजारच्या दोन घरांना देऊनही उरतं.